मॉड्युलर एमआरआय कक्ष: जागेच्या मोजणीपासून पहिल्या स्कॅनपर्यंत

जुन्या रुग्णालयात दीड टेस्लाचा एमआरआय बसवायचा म्हटले की तीन अडचणी एकदम समोर येतात. चार-पाच टनांचा चुंबक कोणत्या स्लॅबवर ठेवायचा, तो कोणत्या दारातून आत न्यायचा आणि हेलियम बाहेर सोडणारा क्वेंच पाइप तीन-चार मजले चढवून गच्चीवर कसा काढायचा? आवारात मोकळी जागा असेल तर तिन्हींवर चांगला तोडगा आहे: कारखान्यात पोलादी सांगाड्यावर पूर्ण तयार केलेली, ट्रेलरवरून आणून पायावर बसवलेली खोली, म्हणजे मॉड्यूल. तळमजला असल्याने वजनाची चिंता मिटते, चुंबक भिंतीतल्या झडपेतून (उघडता येणाऱ्या मोठ्या भागातून) सरळ आत जातो आणि क्वेंच पाइप छपरातून तीन-चार मीटरमध्ये मोकळ्या हवेत पोहोचतो.

जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावी असे काम पहिल्यांदा हाती घेणाऱ्या वास्तुविशारद, बायोमेडिकल इंजिनिअर, ठेकेदार आणि रुग्णालय चालकांसाठी हे मार्गदर्शन आहे. उदाहरण दीड टेस्लाच्या यंत्राचे घेतले आहे. आकडे नेहमीच्या यंत्रांचे आहेत. तुमच्या यंत्राचे खरे आकडे कंपनीच्या साइट प्लॅनिंगच्या नकाशावरच घ्यायचे.

विटांच्या खोलीत चूक झाली तर गवंडी बोलावून भिंत फोडता येते. मॉड्यूलचा सांगाडा एकदा वेल्ड झाला, आतला तांब्याचा थर, म्हणजे रेडिओ लहरी अडवणारी केबिन, बसली, की एक पाइप हलवायलाही केबिन उघडावी लागते. म्हणून यंत्राचे मॉडेल पक्के होण्याआधी मॉड्यूलची ऑर्डर देऊ नका. ‘कोणतेही मशीन बसेल अशी खोली करून ठेवू’ हा विचार इथे महागात पडतो: केबल किती लांब चालते, फिल्टर पॅनल (विजेच्या तारा फिल्टरमधून आत घेणारी पाटी) कुठे येते, क्वेंच पाइप चुंबकाच्या कोणत्या बाजूने निघतो, हे सगळे कंपनीगणिक बदलते.

आधी आयसोसेंटर, मग भिंती

नवखा माणूस आधी खोलीचा आयत काढतो आणि त्यात यंत्र बसवतो. इथे उलटे करायचे. कोऱ्या कागदावर एक बिंदू काढा: आयसोसेंटर, म्हणजे चुंबकाच्या बोगद्याचा मध्य. तो जमिनीपासून साधारण १ मीटर उंचीवर असतो. पुढची सगळी मापे या बिंदूपासून.

पहिले माप ५ गॉसच्या रेषेचे (गॉस हे टेस्लासारखेच, पण फार लहान, चुंबकीय क्षेत्राचे एकक). पेसमेकर असलेल्या किंवा तपासणी न झालेल्या माणसाने या रेषेच्या आत येऊ नये, हा जुना आणि सुरक्षित नियम. आयईसी ६०६०१-२-३३ या मानकाच्या २०२२ च्या आवृत्तीने मर्यादा ९ गॉसपर्यंत सैल केली आहे, पण आखणी ५ गॉसवरच करा. जुन्या पेसमेकरचे रुग्ण अजून हिंडत-फिरत आहेत. आजच्या दीड टेस्लाच्या चुंबकांत ही रेषा बोगद्याच्या दिशेने साधारण ४ मीटर आणि आडव्या दिशेने साधारण २.५ मीटर जाते.

आता हिशेब करून पाहा. स्कॅन खोलीची आतली लांबी ६.५ मीटर आणि चुंबक मधोमध असेल, तर आयसोसेंटरपासून भिंत ३.२५ मीटरवर. म्हणजे दोन्ही टोकांना रेषा भिंतीबाहेर पाऊण मीटर जाते. तिथे पायवाट असेल तर अडचण झाली. उंचीचाही विचार करा: १ मीटर अधिक २.५ मीटर, म्हणजे रेषा जमिनीपासून साडेतीन मीटरवर, छपराच्या वर. छपरावर एसीची युनिटे ठेवली तर दुरुस्तीला चढणारा मेकॅनिक नकळत रेषेच्या आत येतो. या गळतीवर दोन उपाय आहेत. मोकळी जागा असेल तर बाहेर कायमचे कुंपण किंवा झुडपांचा पट्टा करा. हा स्वस्त उपाय आहे आणि बहुतेक वेळा पुरतो. जागा नसेल तर भिंतीत सिलिकॉन स्टीलचे किंवा सौम्य पोलादाचे पत्रे घाला. किती जाडीचे आणि कुठे, हे चुंबकाच्या कंपनीने गणित करून द्यायचे असते, फॅब्रिकेटरने अंदाजाने नाही. एका बाजूला घातलेले पोलाद चुंबकाचे क्षेत्र त्या बाजूला ओढते आणि क्षेत्राची समरूपता बिघडवते.

मॉड्युलर बांधकामाचा खास त्रास इथेच आहे. तळाचा सांगाडाच पोलादाचा असतो आणि तो चुंबकाच्या पोटाखालून जातो. चुंबकाच्या तळापासून किती खोलीवर दर चौरस मीटरला किती किलो पोलाद चालेल, याचा तक्ता प्रत्येक कंपनी देते. तळालगतच्या पहिल्या काही सेंटिमीटरमध्ये जवळजवळ काहीच चालत नाही. म्हणून चुंबकाच्या जागी सांगाडा कापून मोकळी चौकट ठेवतात आणि चुंबकाचे पाय खालच्या काँक्रीटच्या स्वतंत्र ओट्यावर टेकवतात. ओट्यातल्या सळयांचे वजनही त्याच तक्त्यात मोजा. उरलेले पोलाद आयसोसेंटरच्या दोन्ही बाजूंना सारखे राहील अशी तुळयांची मांडणी करा. स्थिर आणि सममित पोलाद शिमिंगमध्ये, म्हणजे क्षेत्र समरूप करण्याच्या बारीक जुळवणीत, सांभाळून घेता येते. एका बाजूची जड तुळई सांभाळणे फार कठीण.

जागा निवडताना

स्थिर लोखंडापेक्षा हलते लोखंड जास्त घातक. गाडी शेजारून गेली की चुंबकाचे क्षेत्र किंचित डोलते आणि स्कॅन बिघडतो. मोटारी साधारण ६-७ मीटर, बस-ट्रक ८-१० मीटर लांब राहतील असे धरून चला. लिफ्ट, मोठा ट्रान्सफॉर्मर आणि रेल्वेमार्ग यांना कंपनीचा तक्ता याहून बरेच जास्त अंतर सांगतो. रुग्णवाहिकेचा वळसा हमखास विसरला जातो. कागदावर तो दूर दिसतो, पण प्रत्यक्षात चालक सावली शोधत मॉड्यूलच्या भिंतीलाच गाडी लावतो. तिथे दगडी कठडा किंवा प्लॅस्टिकचे खांब लावा, लोखंडी साखळी नको.

कंपनांसाठी वेगळी मोजणी करून घ्या. डीजी सेट (डिझेल जनरेटर) आणि चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) मॉड्यूलच्या सांगाड्यावर कधीही ठेवू नका. त्यांना वेगळा ओटा आणि पाइपांना लवचिक जोड द्या. शेजारी वॉर्ड असेल तर आवाजही पाहा. स्कॅन चालू असताना आत १०० डेसिबलच्या वर आवाज जातो आणि पुफ (पॉलियुरेथेन फोम) पॅनलच्या भिंती उष्णता अडवतात, आवाज फारसा नाही. वॉर्डाच्या बाजूच्या भिंतीत रॉकवूल आणि जड बोर्डाचा दुहेरी थर घाला.

जोड कुठे येतो?

भारतात रस्त्यावरच्या वाहनाची रुंदी २.६ मीटरपर्यंत चालते. त्यापुढे ते ओडीसी (ओव्हर डायमेन्शनल कार्गो) ठरते, म्हणजे वेगळी परवानगी. एमआरआयची स्कॅन खोली २.६ मीटरच्या डब्यात मावत नाही, म्हणून दोनच मार्ग उरतात.

पहिला: स्कॅन खोली दोन मॉड्यूलमध्ये विभागून साइटवर जोडायची. वाहतूक सोपी होते, पण तांब्याच्या केबिनचा जोड छप्पर, भिंत, जमीन असा पूर्ण गोल फिरून साइटवर बंद करावा लागतो. दुसरा: स्कॅन खोली एकाच ४ ते ४.५ मीटर रुंद मॉड्यूलमध्ये अखंड करायची आणि कंट्रोल रूम, यंत्रसामग्रीची खोली, कपडे बदलण्याची जागा, प्रतीक्षा हे सगळे दुसऱ्या-तिसऱ्या मॉड्यूलमध्ये टाकायचे. ओडीसीचा खर्च आणि रस्त्याची कटकट वाढते, पण केबिन कारखान्यातच बंद आणि तपासलेली येते. रस्ता परवानगी देत असेल तर आमचा कौल निःसंशय दुसऱ्या मार्गाला. साइटवर पावसात, धुळीत, घाईत केलेला तांब्याचा जोड पुढे दहा वर्षे डोके खातो.

दोन्ही मार्गांत मॉड्यूलमधील जोडावर पाणी अडवण्याचे तीन थर हवेत: वरून पत्र्याची टोपी, तिच्याखाली रबरी पट्टी, आणि त्याखाली पाणी उतरलेच तर बाहेर नेणारी पन्हळ. नुसत्या सिलिकॉनच्या भरवशावर राहू नका. सांगाडा दिवसा तापून रात्री आकसतो आणि सिलिकॉन दुसऱ्या उन्हाळ्यात सुटते. कोकणासाठी सपाट छप्पर नकोच. मॉड्यूलवर वेगळे उतरते छप्पर घाला.

चुंबक आत नेण्याची झडप साधारण २.६ मीटर रुंद आणि तितकीच उंच लागते. ती भिंतीत ठेवा, शक्यतो पश्चिम-नैर्ऋत्य सोडून, म्हणजे पावसाचा मारा बसणार नाही. पुढे चुंबक बदलताना हीच झडप उघडावी लागेल. तिच्यासमोर नंतर कोणी सायकल स्टँड किंवा औषधांचे दुकान उभे करू नये, हे नकाशावर लिहूनच ठेवा.

पाया

मॉड्यूल हलके आहे म्हणून चार पिलरवर ठेवून भागेल, असे ठेकेदार सांगतो. मॉड्यूलपुरते ते खरे आहे, चुंबकापुरते नाही. काळ्या मातीत तर नाहीच: ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि एक पिलर दहा मिलिमीटर उचलला गेला तरी आरएफ (रेडिओ लहरी अडवणाऱ्या) दाराची चौकट तिरकी होऊन दार नीट बसेनासे होते. काळी माती पूर्ण काढून मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत जा आणि राफ्ट (काँक्रीटचा सलग पाया) घाला. थर फार खोल असेल तर आयएस २९११ प्रमाणे अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगवटा असलेले खोल खांब) घ्या. माती परीक्षणाचा खर्च वाचवू नका.

चुंबकाच्या ओट्याची पातळी ३ मीटरमध्ये ३ मिलिमीटरच्या आत हवी. काँक्रीटला पूर्ण २८ दिवस द्या. प्लिंथ आवारातल्या आजवरच्या सर्वांत उंच पाण्याच्या खुणेपेक्षा वर ठेवा. फिल्टर पॅनलखालचा केबल खंदक हीच पाणी शिरण्याची आवडती जागा आहे, त्याला उतार आणि निचरा द्या. हलक्या बांधकामाला वाऱ्याची ओढ जास्त लागते, म्हणून आयएस ८७५ भाग ३ (वारा) आणि आयएस १८९३ (भूकंप) प्रमाणे अँकर बोल्टचे गणित करून घ्या. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड-रत्नागिरीत उडालेले पत्रे ज्यांनी पाहिले, त्यांना याचे कारण सांगायला नको.

आरएफ केबिन

दीड टेस्लाला हायड्रोजनचा सिग्नल साधारण ६४ मेगाहर्ट्झवर येतो, ३ टेस्लाला १२८ वर. तो इतका क्षीण असतो की बाहेरचा कोणताही रेडिओ गोंगाट त्याला गाडून टाकतो. म्हणून स्कॅन खोलीला सहाही बाजूंनी धातूचा पिंजरा असतो. कंपन्या साधारण ९० ते १०० डेसिबल क्षीणन मागतात; १०० डेसिबल म्हणजे बाहेरच्या लहरीची उंची आत एक लाखांश उरणे.

हे साध्य करायला जाड पत्रा लागत नाही. ६४ मेगाहर्ट्झची लहर तांब्यात शिरली की सुमारे ८ मायक्रॉनवरच तिचा जोर एक तृतीयांशाच्या आसपास येतो, ०.१ मिलिमीटरचा पत्रा म्हणजे अशा बारा पायऱ्या. गळती होते ती जोडांतून, दारातून आणि भोकांतून. पत्र्याच्या जाडीवर भांडणारा आणि सोल्डरिंगकडे दुर्लक्ष करणारा ठेकेदार चुकीच्या जागी पैसे वाचवतो.

भोके दोन प्रकारची. विजेची तार आत न्यायची तर ती फिल्टरमधूनच. तार नसलेली गोष्ट, म्हणजे हवा किंवा काचतंतू, वेव्हगाइडमधून: केबिनला सर्व बाजूंनी सोल्डर केलेली धातूची नळी, जिची लांबी व्यासाच्या किमान चौपट. २५ मिलिमीटर व्यासाला १०० मिलिमीटर लांबी. गोल नळीत व्यासाइतक्या प्रत्येक लांबीमागे सुमारे ३२ डेसिबल क्षीणन मिळते, म्हणून चौपट सुरक्षित. एसीच्या डक्टला मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी बसते, ती म्हणजे अशाच शेकडो नळ्यांचा गठ्ठा. आणि इथे सगळ्यात जास्त होणारी चूक: काम संपल्यावर कोणी तरी त्या नळीतून सीसीटीव्हीची तार ओवतो. त्या क्षणी वेव्हगाइड संपला. तार बाहेरचा गोंगाट अँटेनासारखा आत घेऊन येते. ऑक्सिजनच्या तांब्याच्या पाइपला केबिनच्या बाहेर विद्युतरोधक तुकडा जोडा आणि मगच वेव्हगाइडमधून आत घ्या.

अर्थिंगचा नियम एकच: केबिन इमारतीच्या अर्थला एकाच ठिकाणी जोडायची, फिल्टर पॅनलपाशी. बाकी सगळीकडे ती सांगाड्यापासून विलग. जोडण्याआधी केबिन आणि अर्थ यांच्यातला रोध मोजा, तो १००० ओहमच्या वर हवा. विटांच्या इमारतीत हे सहज मिळते. मॉड्यूलमध्ये केबिनच्या चारही बाजूंना पोलादच असल्याने खरा कस इथे लागतो. फॉल्स सीलिंगवाल्याचा एक लांब स्क्रू केबिनमधून आरपार सांगाड्याला टेकला की रोध शून्यावर, आणि तो स्क्रू कोणता हे शोधायला दोन दिवस. म्हणून रोध शेवटी एकदा न मोजता प्रत्येक कारागिराचे काम संपल्यावर मोजा आणि आकडा तारखेसह दारावर चिकटवलेल्या कागदावर लिहा. आज ५००० होता आणि सुताराच्या कामानंतर ३ झाला, की कोणाचा स्क्रू काढायचा हे आपोआप कळते. रोध हळूहळू उतरत असेल तर स्क्रूऐवजी ओल शोधा: जमिनीखालचा थर भिजलेला असतो.

आतले दिवे डीसीवर चालणारे एलईडी घ्या, ड्रायव्हर केबिनबाहेर ठेवा. बाजारातला साधा एलईडी ड्रायव्हर आत लावला तर प्रतिमेवर चेन लावल्यासारखी ठिपक्यांची ओळ येते. तंत्रज्ञ तिला झिपर म्हणतात. झिपर दिसला की संशयितांचा क्रम असा: दार नीट लागले नाही, दाराच्या कडेचे बेरिलियम-कॉपरचे बोटासारखे पट्टे मोडले किंवा काळवंडले, दिवे, नव्याने ओवलेली तार. यंत्राला दोष देण्याआधी हे चार तपासा. पट्टे आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसायचे. समुद्राजवळच्या गावी आठवड्यातून एकदा.

केबिनची चाचणी तीनदा करा: कारखान्यात, साइटवर बसवल्यावर चुंबक येण्याआधी, आणि चुंबक आत जाऊन झडप बंद झाल्यावर. दार, खिडकी, फिल्टर पॅनल, प्रत्येक मॉड्यूल-जोड आणि झडपेच्या चारही कडा, अशा वेगवेगळ्या बिंदूंवर. तिसरी चाचणी वगळण्याचा मोह होतो, आणि गळती नेमकी झडपेच्या कोपऱ्यात असते.

क्वेंच पाइप

पारंपरिक चुंबकात हजार ते दीड हजार लिटर द्रव हेलियम उणे २६९ अंश सेल्सिअसला असतो. क्वेंच झाला, म्हणजे चुंबकाची अतिवाहकता अचानक सुटली, की तो उकळतो आणि सुमारे ७५० पट फुगतो. दीड हजार लिटरचे अकराशे घनमीटरच्या वर वायू. स्कॅन खोलीचे आकारमान ८० घनमीटरच्या आसपास. म्हणजे चौदा खोल्या भरतील इतका वायू, काही मिनिटांत. तो पाइपमधून बाहेर गेला नाही तर खोलीतला ऑक्सिजन हटवतो आणि दाबामुळे आत उघडणारे दार उघडता येत नाही. यासाठी चार गोष्टी आखणीतच हव्यात.

दार बाहेर उघडणारे घ्या किंवा सरकते. शिवाय भिंतीत वरच्या बाजूला किंवा छतात साधारण ६० × ६० सेंटिमीटरचा दाब-मोचक झरोका, अर्थात आरएफ जाळीसह. तासाला किमान १२ वेळा खोलीची हवा बदलेल असा आपत्कालीन एक्झॉस्ट, ज्याचे तोंड छताजवळ असेल. हेलियम वर साचतो. बटण आतही, बाहेरही. ऑक्सिजन मॉनिटर. आणि चौथी गोष्ट खुद्द पाइप: चुंबकीय नसलेले स्टेनलेस स्टील किंवा ॲल्युमिनियम, व्यास कंपनीच्या दाब-गणितानुसार, वळणे कमीत कमी. केबिन ओलांडताना त्यालाही विद्युतरोधक जोड लागतो.

मॉड्यूलमध्ये पाइप आखूड असतो हा मोठा फायदा, पण त्यामुळे तोंड जमिनीजवळ येते. तोंड खिडक्या, एसीचे हवा घेणारे भाग आणि माणसांच्या वाटेपासून साधारण ५-६ मीटर दूर हवे. शेजारी दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डाची खिडकी असेल तर पाइप खिडकीच्या वर न्या. तोंड खाली वळवा किंवा आडवे ठेवून टोपी द्या, म्हणजे पाऊस आत जाणार नाही. जाळी साधारण १२ मिलिमीटर छिद्रांची. डासांची बारीक जाळी लावली तर क्वेंचच्या वेळी ती बर्फाने बंद होते. हात पोहोचेल तिथे पाइपला इन्सुलेशन द्या, कारण थंडगार पाइपवर हवाच द्रव होऊन ठिबकते आणि त्या थेंबांत ऑक्सिजनचे प्रमाण जास्त असते. खाली डांबर, तेल किंवा पालापाचोळा नसावा.

अलीकडच्या सीलबंद चुंबकांत हेलियम फारच थोडा असतो, काहींत ७ लिटर, काहींत एक लिटरहूनही कमी, आणि त्यांना क्वेंच पाइप लागत नाही. भारत जवळजवळ सगळा हेलियम आयात करतो, म्हणून हा पर्याय आकर्षक आहे आणि मॉड्यूलच्या छताची रचनाही सोपी होते. पण पुढचा भाग वाचूनच निर्णय घ्या.

वीज, पाणी, थंडावा

चुंबक थंड ठेवणारे कोल्ड हेड आणि त्याचा कॉम्प्रेसर चोवीस तास, वर्षभर चालतात. कॉम्प्रेसरला ७-८ किलोवॅट लागतात आणि त्याची उष्णता नेण्यासाठी चिलरही सतत चालावा लागतो. म्हणजे रुग्ण असो वा नसो, ही दोन यंत्रे डीजीवर असलीच पाहिजेत, वीज जाताच डीजी आपोआप सुरू करणाऱ्या एएमएफ पॅनलसह. ‘रात्री स्कॅन नाही, म्हणून डीजी बंद’ ही बचत हेलियम जाळते. पारंपरिक चुंबक वीज गेल्यावर हेलियम थोडा-थोडा उकळत काही दिवस तग धरतो. सीलबंद चुंबकात तो साठाच नसतो. काही तासांत तापून तो स्वतःच क्षेत्र उतरवतो आणि पुन्हा थंड करून चढवेपर्यंत काम बंद. जिथे पावसाळ्यात वीज आठ-आठ तास जाते, तिथे सीलबंद चुंबक घ्यायचा तर डीजी एक नको, दोन हवेत.

स्कॅनरचा कमाल भार साधारण ८० ते ११० केव्हीए, चिलर २५-३० किलोवॅट, त्यावर एसी आणि बाकीचे. महावितरणकडे १५० ते २०० केव्हीएची मागणी पहिल्याच महिन्यात नोंदवा. मॉड्यूल तयार आणि वीज नाही, हे चित्र फार ठिकाणी दिसते. विदर्भ-मराठवाड्यासाठी चिलर ५० अंश बाहेरच्या तापमानाला पूर्ण क्षमता देणारा मागा. कॅटलॉगमधला आकडा ३५ अंशांचा असतो. मे महिन्यात भिंतीला लागून ठेवलेल्या कंडेन्सरभोवतीची हवा त्याहून कितीतरी तापते. कोकणात कंडेन्सरच्या पात्यांना गंजरोधक लेप. चिलर-पाण्याच्या पाइपवर नळाच्या पाण्याचा आपत्कालीन जोड आणि व्हॉल्व्ह आधीच बसवून ठेवा: चिलर बंद पडला तरी कोल्ड हेड चालू राहते.

स्कॅन खोली १८ ते २२ अंश, आर्द्रता ४० ते ६० टक्के. पावसाळ्यात नुसत्या थंड करणाऱ्या एसीने आर्द्रता उतरत नाही. हीटरसह यंत्रणा घ्या.

दारे आणि माणसे

जागा कमी म्हणून स्कॅन खोलीचे दार थेट रुग्णांच्या मार्गिकेत काढणे ही सर्वांत घातक काटकसर. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीची चार झोनची पद्धत मॉड्यूलमध्येही पाळा: बाहेरचा मोकळा भाग, तपासणी आणि कपडे बदलण्याची जागा, कुलूपबंद नियंत्रण क्षेत्र, आणि शेवटी चुंबकाची खोली. तिसऱ्या झोनच्या दाराला कार्ड किंवा अंकी कुलूप. तंत्रज्ञाच्या खुर्चीवरून चुंबकाचे दार सरळ दिसले पाहिजे. या दाराआधी एमआरआयला चालणारी ट्रॉली आणि वॉर्डाची ट्रॉली शेजारी उभ्या राहतील इतकी जागा, किमान अडीच बाय अडीच मीटर, सोडाच. ती नसेल तर घाईत वॉर्डाची ट्रॉली आत जाणारच.

जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका पालिका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेलेला तरुण नातेवाईक मृत्युमुखी पडला. २०१४ मध्ये नवी मुंबईत दोन कर्मचारी सिलिंडर आणि चुंबकाच्या मध्ये कित्येक तास अडकले, कारण क्षेत्र लगेच उतरवता आले नाही. आखणीतून निघणारे उत्तर स्पष्ट आहे. केबिनमध्ये पाइपलाइनचा ऑक्सिजन द्या, म्हणजे सिलिंडर आणण्याची गरजच उरत नाही. दाराच्या चौकटीजवळ लोह-शोधक बसवा. वीज तोडणारे लाल बटण आणि चुंबकाचे क्षेत्र उतरवणारे बटण वेगवेगळ्या रंगांचे, झाकण असलेले आणि मराठीत लिहिलेले ठेवा: ‘वीज बंद केल्याने चुंबक बंद होत नाही’. क्षेत्र उतरवण्याच्या सर्किटची चाचणी कंपनीच्या अभियंत्याकडून, क्वेंच न करता, करून घ्या आणि अहवाल लेखी मागा. अग्निशामकही बिनचुंबकी हवा.

परवानग्या

एमआरआयमध्ये क्ष-किरण नाहीत, त्यामुळे एईआरबीचा (अणुऊर्जा नियामक मंडळाचा) परवाना लागत नाही. पीसीपीएनडीटी (गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायदा) नोंदणीबाबत जिल्ह्याच्या समुचित प्राधिकाऱ्याला लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या, तोंडी नको. अग्निशमन विभागाची संमती महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली. हलवता येते म्हणून ते तात्पुरते शेड ठरत नाही. बांधकाम परवानगी रीतसर घ्या.

वाहतूक आणि बसवण्याचा क्रम

रस्त्याची पाहणी ट्रेलरचालकाला बरोबर घेऊन करा. लो-बेडचा ओटा साधारण १ मीटर आणि मॉड्यूल ३.३ मीटर, एकूण सव्वाचार मीटरच्या वर. महामार्गावर अडचण येत नाही. अडतो तो शेवटचा किलोमीटर: विजेच्या तारा, वडाच्या फांद्या, रेल्वेखालचा बोगदा, आणि रुग्णालयाच्या प्रवेशद्वारावरची देणगीदारांच्या नावाची कमान. क्रेनची टनांची संख्या जवळच्या अंतरासाठी असते. २० टनांचे मॉड्यूल १४-१५ मीटरवर ठेवायचे तर १०० टनांची क्रेनही अपुरी पडू शकते. क्रेनचा भार-तक्ता पाहून ती ठरवा, आणि तिच्या पायांखालची जमीन, विशेषतः जुन्या सेप्टिक टाक्या, आधी तपासा.

मग क्रम असा:

१. पाया, केबल खंदक, चिलर-डीजीचे ओटे. कारखान्यातले काम याच काळात समांतर चालते. वेळ वाचतो तो इथे.
२. वीज, डीजी आणि चिलर चालू करून सलग ७२ तास चालवून पाहणे.
३. मॉड्यूल बसवणे, पातळी, अँकर, जोड बंद. छपरावर तासभर पाणी सोडून चाचणी.
४. केबिनचा रोध आणि दुसरी आरएफ चाचणी.
५. त्यानंतरच चुंबकाला बोलावणे.

दुसरी आणि पाचवी पायरी उलटी होते तेव्हा सर्वांत जास्त पैसा वाया जातो. पारंपरिक चुंबक हेलियम भरूनच येतो आणि वाटेत कोल्ड हेड बंद असते. बंदर, कस्टम, रस्ता या सगळ्यात हेलियम उकळत असतो. साइटवर पोहोचला त्याच दिवशी चिलर आणि कॉम्प्रेसर जोडला गेला पाहिजे. उतरवून घेण्याआधी पेटीवरचा धक्का-नोंदक पाहा, फोटो काढा, लाल झाला असेल तर स्वीकारपत्रावर तसे लिहूनच सही करा.

६. चुंबक आत, कोल्ड हेड चालू, क्वेंच पाइप जोडणे, झडप बंद, तिसरी आरएफ चाचणी.
७. क्षेत्र चढवणे, शिमिंग, कॅलिब्रेशन. यानंतर सुताराचा हातोडा आणि इलेक्ट्रिशियनची शिडी आत नाही. आतले एकही काम शिल्लक ठेवून क्षेत्र चढवू देऊ नका.
८. ५ गॉसची रेषा मीटरने प्रत्यक्ष मोजून बाहेर आणि छपरावर रंगवणे.

चुंबक आत गेल्यापासून पहिल्या रुग्णापर्यंत दोन ते तीन आठवडे धरा.

दरवर्षी मेच्या अखेरीस, पावसाळा सुरू होण्याआधी, एक फेरी मारा. क्वेंच पाइपच्या तोंडाशी घरटे आहे का, पाइपच्या तळच्या निचऱ्यात पाणी साचले आहे का, जोडावरची रबरी पट्टी कडक झाली आहे का, केबल खंदकाचा निचरा मोकळा आहे का, एएमएफ पॅनल भारासह डीजी उचलतो का. मग केबिनचा रोध पुन्हा मोजा, फिल्टर पॅनलचा अर्थ क्षणभर सोडवून, कंपनीच्या अभियंत्यासमोर, आणि आकडा पहिल्या वर्षीच्या त्याच कागदावर, त्याच रांगेत लिहा.